रिकामी गव्हाण: आगमनकाळ म्हणजे नेमकं काय?

नोव्हेंबर अर्धा सरत नाही तोच मॉलच्या मधल्या चौकात दोन मजली ट्री उभा राहतो. दिवाळीचे कंदील नुकतेच उतरलेले असतात. त्यांच्याच हुकांना चांदण्या लटकतात. लाल टोप्या, सेल्फीची रांग, स्पीकरवर घंटांचं एकच गाणं दिवसभर. नाताळ सुरू झाला, असं आपण समजतो.

मग पंधरा दिवसांनी, एखाद्या रविवारी, वसईतल्या किंवा बांद्र्यातल्या चर्चमध्ये डोकावलंत तर बुचकळ्यात पडाल. वेदीवर फुलं मोजकी. फादरांच्या अंगावर जांभळा झगा. जांभळा हा प्रायश्चित्ताचा रंग. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात असतो तोच. एरवी सणासुदीला आणि बहुतेक रविवारी गायलं जाणारं 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत बंद. आणि शुभवर्तमानाचं, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्राचं, वाचन ऐकायला लागावं, तर त्यात गोठा नाही, मेंढपाळ नाहीत, बाळ तर नाहीच. कधी सूर्य-चंद्रावर दिसणारी चिन्हं, कधी रात्री-अपरात्री परतणारा घरधनी, कधी अवचित येणारा चोर. सगळ्याचा रोख एकच: जागे राहा.

सणाला तीन-चार आठवडे उरले असताना हे काय चाललंय? याचं नाव आगमनकाळ. आणि हा काळ कसा चालतो ते कळलं, की 'नाताळ बाजारू झाला हो' या दरवर्षीच्या तक्रारीत नेमकं काय हरवतंय तेही कळतं.

आधी हिशेब. 30 नोव्हेंबर हा सेंट अँड्र्यूचा सण. त्या तारखेच्या सर्वांत जवळच्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी संपतो. मध्ये चार रविवार यायलाच हवेत. म्हणून सुरुवात 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्यामध्ये कुठेही पडते, आणि दिवस कधी 28 भरतात, कधी 22. 2023 साली तर चौथा रविवारच 24 डिसेंबरला आला; सकाळी आगमनकाळाचा शेवटचा रविवार आणि त्याच रात्री नाताळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. कॅथलिक आणि बऱ्याच प्रोटेस्टंट चर्चचं नवं उपासना-वर्षही याच पहिल्या रविवारी सुरू होतं. म्हणजे वर्षाचा श्रीगणेशा (हा शब्द इथे चालावा) वाट पाहण्यापासून.

मुळात हा उपवासाचा काळ होता. पाचव्या-सहाव्या शतकांत गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, 11 नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या सणापासून आठवड्यातले काही दिवस उपास धरत. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही चाळीस दिवसांचा उपास आहे. केरळात मलंकरा ऑर्थोडॉक्स घरांमध्ये 1 डिसेंबरपासून 25 दिवसांचा नोंबू पाळतात; मांस-मासे नाहीत. मार्गशीर्षातले गुरुवार धरणाऱ्या बाईला हे उलगडून सांगावं लागणार नाही. दोन्ही व्रतं बरेचदा एकाच महिन्यात चालू असतात, कधीकधी एकाच इमारतीत. सणाच्या आधी पोट थोडं रिकामं ठेवायचं, मग गोडाला चव येते, ही समजूत आपल्याकडेही जुनी आहे.

आता शब्द. 'नाताळ' आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. मूळ शब्द 'नाताल', अर्थ जन्माचा. इंग्रजीत आगमनकाळाला 'ॲडव्हेंट' म्हणतात, तो लॅटिन 'आद्व्हेंतुस'वरून. रोमन साम्राज्यात हा शब्द सम्राटाच्या स्वारीसाठी वापरत. सम्राट शहरात शिरायचा, वेशीवर नगरजन उभे, रस्ते झाडलेले, जयघोष. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी हा दरबारी शब्द उचलला आणि एका अशा आगमनाला लावला, ज्यात राजाला धर्मशाळेत जागा मिळाली नाही आणि बाळंतपणानंतर मूल गुरांच्या गव्हाणीत ठेवावं लागलं. ख्रिस्ती श्रद्धेचा सगळा तिढा या शब्दाच्या चोरीत आहे असं मला वाटतं.

गंमत म्हणजे विसाव्या शतकात बाजाराने तो पुन्हा चोरला. 1924 साली न्यूयॉर्कमध्ये मेसीज या दुकानाने पहिली मिरवणूक काढली. प्राणी, बँडबाजा, चित्ररथ, आणि सर्वांत शेवटी सांताक्लॉजची स्वारी. ती कुठे येऊन थांबली? दुकानाच्या दारात.

मराठीत आपण 'वाट पाहतो'. किती नेमका शब्दप्रयोग आहे. वाट म्हणजे रस्ता. ज्या रस्त्याने कुणी येणार, तो रस्ता डोळ्यांनी धरून बसायचं. आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान पुढे येतो आणि यशया संदेष्ट्याच्या शब्दांत ओरडतो, की परमेश्वराची वाट तयार करा. नुसती पाहू नका, तयार करा. खड्डे भरा, चढ उतरवा. आपल्या रस्त्यांची अवस्था बघता मराठी माणसाला हे रूपक फार लवकर कळतं.

पण वाट नेमकी कुणाची पाहायची? येशू तर दोन हजार वर्षांपूर्वी जन्मून गेला. दरवर्षी तो जन्मलाच नाही असं नाटक करायचं का? हा प्रश्न लहान मुलं विचारतात आणि मोठी माणसं विचारत नाहीत. बाराव्या शतकातला फ्रेंच संन्यासी बर्नार्ड ऑफ क्लेर्व्हो याने त्याचं उत्तर दिलं. त्याच्या मते आगमनं तीन. पहिलं बेथलेहेममध्ये, देहाने, दुबळेपणात. शेवटचं काळाच्या अखेरीस, वैभवात. आणि या दोहोंच्या मधलं तिसरं, लपलेलं: रोजच्या जगण्यात, माणसाच्या आत. पहिलं होऊन गेलं, शेवटचं आपल्या हातात नाही. आगमनकाळाची सगळी धडपड मधल्यासाठी. म्हणूनच वाचनांची सुरुवात जगाच्या अंताने होते आणि आपण उलटे चालत चालत गोठ्यापाशी येतो. 'जागे राहा' म्हणजे आकाशाकडे टक लावून बसा असं नाही. दारावर टकटक झाली तर ऐकू येईल एवढं सावध राहा.

आमच्याकडे या वाट पाहण्याचं एक मराठी रूपही आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज धर्मगुरू 1579 साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि 1616 साली राशोलला त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. सुमारे 11 हजार ओव्या. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. म्हणजे वाचणाऱ्याने, खरं तर ऐकणाऱ्याने, चार हजारांहून अधिक ओव्या तारणाऱ्याची वाट पाहत काढायच्या आणि मगच गव्हाणीपाशी पोचायचं. पुराणिक घाई करत नाही. आपल्या कीर्तनकारांना हे तंत्र चांगलं ठाऊक आहे: कथा जितकी लांबते, तितका जन्माचा अभंग चढतो.

आता मेणबत्त्यांच्या चक्राकडे येऊ, कारण त्याच्या जन्मकथेत हा सगळा विषय सापडतो. चर्चमध्ये वेदीजवळ हिरव्या पानांचं गोल कडं ठेवतात, त्यात चार मेणबत्त्या. दर रविवारी एक जास्त पेटते. बहुतेक ठिकाणी तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची; त्या दिवशी 'आनंद करा' असं वाचन असतं आणि फादरांनाही जांभळ्यातून एक दिवस सुटी मिळते. हे फार प्राचीन असेल असं वाटतं ना? मलाही वाटायचं. पण आजच्या रूपातलं चक्र 1839 सालचं आहे आणि ते चर्चमध्ये सुरूच झालं नाही. हँबर्गमध्ये योहान हिन्रिक व्हिशेर्न नावाचा प्रोटेस्टंट पाळक होता. औद्योगिक शहरातल्या गरीब, वाऱ्यावर सुटलेल्या मुलांसाठी त्याने 1833 मध्ये एक आश्रम काढला होता. डिसेंबर लागला की मुलं त्याला भंडावून सोडायची: नाताळ आला का? अजून किती दिवस? त्याने एक लाकडी चाक घेतलं. आठवड्याच्या दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या आणि रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या. रोज एक लावायची. मुलांना दिवस मोजता यायला लागले आणि रोज संध्याकाळी उजेड एका मेणबत्तीने वाढायला लागला.

त्या मुलांना मिळणार काय होतं नाताळला? फारसं काही नाही. पण 'अजून किती दिवस' या प्रश्नाला व्हिशेर्नने खाऊ देऊन गप्प केलं नाही. त्याने प्रश्न तसाच ठेवला आणि त्याला उजेड दिला.

याच्या शेजारी दुसरी जर्मन गोष्ट ठेवून बघा. एकोणिसाव्या शतकात तिथल्या प्रोटेस्टंट घरांमध्ये दारावर खडूने 24 रेघा ओढत आणि मुलं रोज एक पुसत. फुकटचं काम. पुढे गेर्हार्ड लांग नावाच्या म्युनिकच्या छापखानेवाल्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापील कॅलेंडरं काढली. लहानपणी त्याच्या आईने पुठ्ठ्यावर 24 बिस्किटं लावून दिली होती, रोज एक खायची, ती आठवण त्यामागे होती. मग खिडक्या आल्या, खिडक्यांमागे चित्रं आली, चित्रांच्या जागी चॉकलेटं आली. आज परदेशात तुम्हाला लिपस्टिकचं, अत्तराचं, दारूच्या छोट्या बाटल्यांचं आगमनकाळाचं कॅलेंडर मिळतं, किंमत हजारो रुपयांत. आणि ते दरवर्षी 1 डिसेंबरलाच सुरू होतं, आगमनकाळ कधीही सुरू होवो, कारण दरवर्षी खिडक्यांची संख्या बदलणं कारखान्याला परवडत नाही. वाट पाहण्याचं साधन होतं. आता त्यात वाट पाहावी लागूच नये म्हणून रोज एक वस्तू आहे.

बाजार असा का वागतो, यात खलनायक शोधण्याची गरज नाही. त्याचं गणित सरळ आहे: विक्रीचे दिवस जितके जास्त, तितकी विक्री जास्त. 1939 साली अमेरिकेत नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. तिथला थँक्सगिव्हिंगचा सण शेवटच्या गुरुवारी असायचा, म्हणजे 30 तारखेला, आणि नाताळची खरेदी त्यानंतर सुरू होण्याची रीत. दुकानदार घाबरले, खरेदीचे दिवसच कमी उरतात. राष्ट्राध्यक्ष रूझव्हेल्ट यांनी सण चक्क आठवडाभर अलीकडे ओढला. काही राज्यांनी ऐकलं, काहींनी नाही. देशात एकाच सणाच्या दोन तारखा झाल्या. शेवटी 1941 मध्ये कायदा करून चौथा गुरुवार ठरवावा लागला. व्हेनेझुएलात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मादुरो यांनी 2024 साली नाताळ 1 ऑक्टोबरपासूनच सुरू होईल असं जाहीर केलं. तिथे कारण राजकारणाचं होतं, आणि बिशपांना लोकांना आठवण करून द्यावी लागली की नाताळ 25 डिसेंबरला सुरू होतो.

सुरू होतो. हा शब्द महत्त्वाचा आहे, त्याच्याकडे परत येतो.

भेटवस्तूंवर टीका करताना मात्र मी थोडा हात आखडता घेईन, कारण देणं हे या सणात बाहेरून घुसलेलं नाही. सांताक्लॉजच्या मुळाशी जो संत निकोलस आहे, तो चौथ्या शतकातला मायराचा बिशप. मायरा आजच्या तुर्कस्तानात. त्याची सर्वांत प्रसिद्ध दंतकथा अशी: एका गरीब बापाला तीन मुली. हुंड्याला पैसे नाहीत म्हणून त्यांना विकायची पाळी आलेली. निकोलसने रात्रीच्या अंधारात, एकेकदा एक, सोन्याच्या तीन पिशव्या त्यांच्या घरात टाकल्या. हुंड्यासाठी पैसे देणारा संत आज आपल्याला अवघडल्यासारखं करतो, ते ठीकच आहे. पण देण्याची रीत बघा. रात्री, नाव न सांगता, आणि ज्याला खरोखर नड आहे त्याला. आपण देतो दिवसाढवळ्या, नावाची पट्टी लावून, आणि ज्याच्याकडे आधीच चार आहेत त्याला पाचवं.

तिसऱ्या रविवारी दर तीन वर्षांनी एक वाचन येतं, लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातलं. लोक योहानाला विचारतात, मग आम्ही करायचं काय? त्याचं उत्तर ऐकून दचकायला होतं, इतकं ते व्यवहारी आहे. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक, ज्याच्याकडे नाही त्याला द्यावा, अन्नाचंही तसंच. जकातदारांना सांगतो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना सांगतो, कुणाला लुबाडू नका, पगारात भागवा. ध्यान, जप, डोंगरावर जाऊन बसणं यातलं एकही नाही. अध्यात्म म्हणून तो कपाट उघडायला लावतो. सेलमध्ये तिसरा शर्ट घेण्याच्या आठवड्यातच नेमकं हे वाचलं जातं.

याच दिवसांत, 17 ते 23 डिसेंबर, मठांमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेत रोज एक छोटं आळवणं गायलं जातं. सात दिवस, येणाऱ्या तारणाऱ्याची सात नावं. रोज वेगळ्या नावाने हाक आणि रोज शेवटी 'ये'. लॅटिनमध्ये त्या सात नावांची आद्याक्षरं उलटीकडून वाचली तर 'एरो क्रास' असे शब्द होतात. अर्थ: उद्या मी असेन. कुणा संन्याशाने मुद्दाम गुंफलं की योगायोग, कोण जाणे. पण सात दिवस हाक मारल्यानंतरच उत्तर वाचता यावं, ही कल्पना मला फार आवडते. बाहेर तो आठवडा घरपोच डिलिव्हरीच्या शेवटच्या तारखांचा असतो.

आता गव्हाण. 1223 साली असिसीच्या फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावात पहिला जिवंत गोठा मांडला असं मानतात. त्याचा चरित्रकार चेलानोचा थॉमस लिहितो, की तिथे गव्हाण होती, गवत होतं, खरा बैल, खरं गाढव होतं. बाळाची मूर्ती असल्याचा उल्लेख नाही. गव्हाणीपाशी मिस्सा झाली आणि तिथे असलेल्या एका माणसाला त्या गव्हाणीत निजलेलं बाळ दिसलं, एवढंच. त्या वेळच्या चर्चमध्ये सोन्याचांदीची कमी नव्हती. फ्रान्सिसला दाखवायचं होतं ते थंडी, गवत आणि अडचण.

आजही अनेक चर्चमध्ये आणि घरांमध्ये हीच रीत आहे. वसईत पोरं आठवडे आठवडे खपून गोठा उभारतात, डोंगर, विहीर, दिव्यांच्या माळा, सगळं होतं, मरिया आणि योसेफही येऊन बसतात, पण मधली गव्हाण 24 तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी. काही घरांत मुलांनी एखादं चांगलं काम केलं की त्यात गवताची एक काडी टाकायची. बाळ येईल तेव्हा गादी किती मऊ असेल ते मुलांवर. येणारे-जाणारे पाहुणे विचारतात, अरे, मेन मूर्ती विसरलात का? विसरलेले नसतात.

मला वाटतं, आगमनकाळाने सांभाळलेली गोष्ट हीच: ही मोकळी जागा. बाजाराला मोकळी जागा बघवत नाही. कंटाळा आला, घ्या काहीतरी. एकटं वाटतंय, घ्या. अजून दहा दिवस आहेत, तोवर हे घ्या. उपाशी माणसाला बडबडगीत ऐकवावं तसं आपण आपल्या आतल्या पोकळीला वस्तू दाखवत राहतो. जांभळा रंग, गाळलेलं स्तुतिगीत, मोजकी फुलं, रिकामी गव्हाण, हे सगळे त्या पोकळीवर झाकण न ठेवण्याचे जुने उपाय आहेत.

पोलंडमध्ये 24 तारखेच्या रात्रीच्या जेवणाला आकाशात पहिली चांदणी दिसल्याशिवाय बसत नाहीत. टेबलक्लॉथखाली थोडं गवत पसरतात आणि एक ताट जास्तीचं मांडतात, न बोलावलेल्या पाहुण्यासाठी. मेक्सिकोत 16 ते 24 डिसेंबर अशा नऊ रात्री, म्हणजे एक प्रकारचं नवरात्रच, लोक मरिया-योसेफाला घेऊन गल्लीतून निघतात. एका दारापुढे गाऊन आसरा मागतात. आतले गाऊनच नकार देतात. दुसरं दार, पुन्हा नकार. शेवटी एक दार उघडतं आणि सगळे आत शिरतात, मग खाणंपिणं. यात नकार देणाऱ्यांचंही गाणं पाठ करावं लागतं, ही यातली खरी खोच. नऊ रात्रींत कधीतरी 'जागा नाही' हे आपल्याच तोंडून गायचं.

आणि हो, सण गरिबीत साजरा करा असं कुणी म्हणत नाही. गोव्यात नाताळच्या आधी घराघरांत कढया चढतात. नेवऱ्या, दोदोल, कुलकुल. ताटं भरून शेजारी जातात, हिंदू शेजाऱ्यांकडेही, आणि चतुर्थीला, दिवाळीला ताट उलट्या वाटेने येतं. बांद्र्याच्या हिल रोडवर चांदण्या विकणाऱ्याचं वर्षाचं गणितही याच महिन्यावर बसलेलं असतं. खर्च होतोच. प्रश्न इतकाच, की दोदोल ढवळायला चार हात लागतात आणि तास लागतात. तेवढ्या वेळात घरात जे बोलणं होतं ते तयार डब्याबरोबर येत नाही.

आता तो शब्द: सुरू. दुकानात 26 तारखेला ट्री उतरतो, चांदण्या खोक्यात जातात, पाटी बदलते. चर्चमध्ये नेमका तेव्हा सण ऐन भरात असतो. 25 ला सुरू झालेला नाताळकाळ जानेवारीत येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. गोठ्यात गंमत अशी असते, की काही घरांत बाळाच्या दर्शनाला येणाऱ्या तीन राजांच्या मूर्ती सुरुवातीला गोठ्यात ठेवतच नाहीत. लांब कुठेतरी, टीव्हीच्या शेल्फवर, खिडकीत. घरातलं लहान मूल रोज त्यांना वीतभर पुढे सरकवतं. राजे पोचतात 6 जानेवारीला.

त्या दिवशी गोव्यात कासावलीजवळच्या कुएलीच्या टेकडीवर रेमेदिओस सायबिणीच्या, म्हणजे मरियामातेच्या, कपेलात (छोट्या चर्चमध्ये) फेस्त, म्हणजे सण, असतं. तीन गावांतली तीन मुलं, डोक्यावर मुकुट, अंगात झगे, घोड्यांवर बसून वेगवेगळ्या वाटांनी टेकडी चढतात. खाली मुंबई-पुण्याच्या दुकानांतून एव्हाना प्रजासत्ताक दिनाच्या सेलच्या पाट्या लिहून होत आलेल्या असतात. वर घोडे दमलेले, मुलांचे मुकुट कानावर घसरलेले, आणि लोक उन्हात उभे राहून अजून वाटेकडेच बघत असतात.